काटा नेमकं काय मोजतो?

 

आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, त्याने पिंजऱ्यातल्या मारामारीवर काय बोलायचं? पण माझा प्रश्न मारामारीचा नाहीच. तो न्यायाचा आहे, आणि थोडा ज्ञानमीमांसेचा आहे. दोन माणसं तुल्यबळ आहेत हे आपण कशावरून ठरवतो? आणि ज्या मापाने ठरवतो ते मापच बिघडलं असेल, तर त्याची किंमत कोण मोजतं? मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए या खेळात हे दोन्ही प्रश्न इतके उघडे पडले आहेत की वर्गात उदाहरण म्हणून वापरावेत. फरक एवढाच की वर्गातल्या उदाहरणात कुणी मरत नाही. इथे माणसं मेली आहेत.

सुरुवात इतिहासापासून करू. १२ नोव्हेंबर १९९३, अमेरिकेतलं डेन्व्हर शहर. आज जिला जग यूएफसी म्हणून ओळखतं, त्या अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची पहिली स्पर्धा. आठ जण, एक रात्र, अष्टकोनी पिंजरा. नियम जवळजवळ नाहीत, आणि वजनगट तर नाहीतच. पहिल्याच लढतीत एका बाजूला सुमो पैलवान आणि दुसऱ्या बाजूला डच किकबॉक्सर. ती स्पर्धा जिंकली ब्राझीलच्या रॉइस ग्रेसीने. ऐंशी किलोंच्या आसपासचा, अंगाने सडपातळ माणूस. जमिनीवर नेऊन गळा आवळायची किंवा सांधा अडकवायची विद्या त्याला येत होती आणि बाकीच्यांना येत नव्हती.

१९९४मध्ये याच स्पर्धेत कीथ हॅकनी नावाचा नव्वद किलोंचा माणूस इमॅन्युएल यारब्रो या पावणेतीनशे किलोंहून जड सुमो पैलवानासमोर उभा राहिला आणि जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आकार काही महत्त्वाचा नाही, विद्या महत्त्वाची, असा निष्कर्ष त्या दिवसांत निघाला.

आता त्याच वर्षाच्या अखेरीची आणखी एक लढत बघा. ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न. सेव्हर्न मुरलेला कुस्तीगीर, ग्रेसीपेक्षा तीसेक किलोंनी जड. शेवटी ग्रेसीनेच पायांच्या कात्रीत त्याचा गळा अडकवून लढत जिंकली, पण त्याआधी पंधरा मिनिटं तो सेव्हर्नच्या अंगाखाली होता. ती पंधरा मिनिटं म्हणजे पुढच्या तीस वर्षांच्या इतिहासाची सूचना होती. सेव्हर्नला ग्रेसीची विद्या येत नव्हती म्हणून ग्रेसी सुटला. पुढे ती सगळ्यांनाच येऊ लागली. आणि विद्या समसमान झाली की आकार परत येतो. छातीवर बसलेल्या माणसाचं वजन श्वासागणिक मोजावं लागतं. जाळीला टेकवून धरलं तर त्याचं ओझं आपल्या पायांवर येतं. ठोशामागे शरीराचं वस्तुमान असतंच.

प्राचीन ग्रीसमध्येही असाच एक खेळ होता, पॅंक्रेशन. तो ऑलिंपिकमध्ये इसवी सनपूर्व ६४८मध्ये आला. तिथे मुलं आणि प्रौढ असे वयाचे गट होते, वजनाचे नव्हते. ग्रीकांना आकाराचा फायदा म्हणजे अन्याय वाटत नसावा. देवाने दिलेलं अंग, असंच ते बघत असावेत. आपल्याला मात्र तो अन्याय वाटतो. फेब्रुवारी १९९७मध्ये यूएफसीने पहिल्यांदा दोन गट केले, दोनशे पौंडांच्या वरचा आणि खालचा. पुढे २०००-०१च्या सुमारास न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने एकसारखे नियम तयार झाले आणि त्यातून आजचे गट आले. फ्लायवेट ५६.७ किलो, बॅंटमवेट ६१.२, फेदरवेट ६५.८, लाइटवेट ७०.३, वेल्टरवेट ७७.१, मिडलवेट ८३.९, लाइट हेवीवेट ९३, आणि त्याच्यावर १२०.२ किलोंपर्यंत हेवीवेट. आकडे पाठ करू नका. दोन गटांमधलं अंतर किती आहे तेवढं लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

म्हणजे वजनगट आले ते न्यायासाठी. लहानाला मोठ्याकडून चिरडलं जाऊ नये म्हणून. हेतू अगदी शुद्ध. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते वेळेत. वजन मोजतात आदल्या दिवशी. लढत दुसऱ्या दिवशी. या दोहोंच्या मध्ये चोवीस ते छत्तीस तास. हा सगळा प्रकार त्या फटीत राहतो.

वजन उतरवतात कसं, ते जरा तपशिलात बघू, कारण तपशील कळल्याशिवाय गांभीर्य कळत नाही. काही आठवडे खाणं मोजून चरबी कमी करणं हा पहिला भाग. त्यात वावगं काही नाही. खरा खेळ शेवटच्या आठवड्यात सुरू होतो. भात, पोळी, ब्रेड, बटाटा, म्हणजे पिष्टमय पदार्थ बंद. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की ते पाणीही जातं. मीठ बंद. चोथा असलेलं अन्न बंद, म्हणजे आतडी रिकामी. मग पाण्याची युक्ती. काही दिवस रोज सात-सात, आठ-आठ लिटर पाणी प्यायचं आणि नंतर एकदम घोटांवर यायचं. शरीर आधीच्या सवयीने लघवी करत राहतं. शेवटच्या रात्री गरम पाण्याच्या टबात बसायचं, सौनात बसायचं, प्लास्टिकचा सूट घालून सायकल मारायची, तरीही ग्रॅम उरले तर थुंकत बसायचं. अशाने काही किलो वजन एका रात्रीत उतरतं. ते चरबीचं नसतं, पाण्याचं असतं. रक्तातलं पाणी कमी झालं की हृदयाला जास्त धावावं लागतं. घाम यायचा थांबला की उष्णता आत कोंडते. मूत्रपिंडांवर ताण येतो. मेंदूभोवतीच्या द्रवाचं काय होतं आणि एका दिवसात ते पूर्ववत होतं का, ही डॉक्टरांची मोठी काळजी आहे, कारण दुसऱ्या दिवशी त्याच डोक्यावर ठोसे बसणार असतात.

काट्यावर उभं राहून झालं की लगेच बाटली तोंडाला. क्षार, साखर, पाणी, मग भात. समजा एखादा फायटर एरवी ऐंशी किलोंचा आहे. काट्यावर तो ७०.३ दाखवतो आणि पिंजऱ्यात शिरतो तेव्हा पुन्हा सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर झालेला असतो. निवेदक मात्र त्याचं वजन ७०.३ म्हणूनच सांगतो.

इथे मी माझ्या जुन्या वर्गात शिरतो. आपल्या न्यायशास्त्रात अनुमान शिकवताना पहिलं उदाहरण येतं पर्वतावरच्या धुराचं. धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू, अग्नी हे साध्य, आणि जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी ही व्याप्ती. आता हेच उलटं करून बघा. अग्नी आहे, म्हणून धूर असणार. चालतं का? नाही चालत. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीवरून धुराचं अनुमान करायचं तर मध्ये एक अट लागते. सरपण ओलं हवं. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. उपाधी सांगितली नाही, तर अनुमान वरवर बरोबर दिसतं आणि प्रत्यक्षात फसतं.

काट्याचं अनुमान काय आहे? काल काट्यावर सत्तर, म्हणून आज पिंजऱ्यात सत्तर. याच्यात लपलेली उपाधी कोणती? शरीरातलं पाणी जागच्या जागी असलं पाहिजे, ही. गंमत बघा, तिथे सरपणातला ओलावा आणि इथे अंगातला. ही अट कुणी तपासत नाही. म्हणून काटा खरा असतो, आकडा खरा असतो, आणि निष्कर्ष खोटा असतो. काटा त्या क्षणी आकार मोजत नाही. आदल्या रात्री कोण किती सहन करू शकला, ते मोजतो.

आणि या खोट्या निष्कर्षाचं पावित्र्य किती राखलं जातं तेही बघा. मे २०२२, फिनिक्स. लाइटवेटचा विजेता चार्ल्स ऑलिव्हेरा काट्यावर अर्धा पौंड जास्त भरला. सव्वादोनशे ग्रॅम. त्याचं विजेतेपद काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो जस्टिन गेथजीशी लढला, पहिल्याच फेरीत जिंकला, आणि तरी किताब रिकामाच राहिला. नियम म्हणजे नियम, मला ते मान्य आहे. पण मग विचारावं लागतं, आदल्या दिवशीच्या सव्वादोनशे ग्रॅमना जो नियम क्षमा करत नाही, तो लढतीच्या दिवशी परत आलेल्या सात-आठ किलोंकडे पाहतसुद्धा कसा नाही? दागिने तोलायच्या काट्यावर धान्याची पोती तोलावीत तसा हा प्रकार आहे.

दुसरं उदाहरण एप्रिल २०१७चं, बफेलो शहरातलं. डॅनियल कॉर्मिए, लाइट हेवीवेटचा विजेता. मर्यादा २०५ पौंड. काटा दाखवतो २०६.२. दोन-तीन मिनिटांनी तो परत येतो. अंगावर कपडे नाहीत म्हणून दोघांनी समोर टॉवेल धरलेला. कॉर्मिएचे हात त्या टॉवेलवर टेकलेले चित्रफितीत दिसतात. आकडा येतो २०५ बरोबर. अधिकाऱ्यांनी तो ग्राह्य धरला, आणि दुसऱ्या दिवशी कॉर्मिए जिंकलाही. लोक त्यावर हसले. मी हसण्यावारी नेणार नाही, कारण याच कॉर्मिएचा एक जुना प्रसंग आहे. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकला तो अमेरिकेच्या कुस्ती संघाचा कर्णधार म्हणून गेला होता. वजन उतरवताना त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला आणि त्याला एकही कुस्ती खेळता आली नाही. ज्याने हे भोगलंय तो टॉवेलला हात लावतो, तेव्हा त्याला लबाड म्हणण्याआधी त्याला तिथे कुणी आणून उभं केलं हे विचारायला हवं.

आता तिसरी गोष्ट, आणि टीकाकार म्हणून मला ती सगळ्यात बोलकी वाटते. २०१६पासून यूएफसीतलं खरं वजन सकाळी हॉटेलात घेतलं जातं. मग संध्याकाळी प्रेक्षकांसमोर, दिव्यांच्या झगमगाटात, तेच फायटर पुन्हा काट्यावर चढतात, दंड दाखवतात, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालतात, निवेदक आकडा पुकारतो. तोपर्यंत त्यांनी कितीतरी पाणी प्यायलेलं असतं. म्हणजे हजारो लोकांसमोर वजन घेण्याचं नाटक होतं आणि पुकारलेला आकडा सकाळचा असतो. सकाळी मोजण्यामागचा हेतू चांगला होता. फायटरला पाणी भरून काढायला जास्त वेळ मिळावा. ऑक्टोबर २०१५पासून सलाईन लावून पाणी भरण्यावर उत्तेजक-विरोधी नियमांनी बंदी आणली होती, तेव्हा असा वेळ देणं भागही होतं. पण परिणाम काय झाला? फट रुंद झाली. जखम भरायला वेळ दिला, आणि त्यामुळे आणखी खोल जखम करून घेण्याची सोय झाली.

मग प्रश्न येतो, एवढं सगळं करून मिळतं काय? आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. वर्गातल्या एका मुलाने दहावीची खासगी शिकवणी लावली. त्याला फायदा झाला. मग दुसऱ्याने लावली, तिसऱ्याने लावली, सगळ्यांनी लावली. आता पहिल्याचा फायदा संपला, पण शिकवणी सोडायची कुणाची छाती नाही, कारण जो सोडेल तो एकटाच मागे पडेल. खर्च सगळ्यांचा, फायदा कुणाचाच नाही. वजन उतरवणं तसंच आहे. दोघेही दहा टक्के उतरवून येतात, दोघेही परत चढवतात, आणि शेवटी ऐंशीचे दोघे एकमेकांसमोर उभे राहतात. ते ऐंशीच्याच गटात लढले असते तर? लढत तीच झाली असती, फक्त दोघांची मूत्रपिंडं शाबूत राहिली असती.

किंमत किती मोठी असू शकते, तेही सांगितलं पाहिजे. १९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले. जेमतेम महिन्याभरात तिघे. २०१३मध्ये रिओ दि जानेरोत एक ब्राझिलियन फायटर वजन देण्याच्या दिवशीच कोसळला आणि गेला. डिसेंबर २०१५मध्ये मनिलात वन चॅम्पियनशिपच्या लढतीसाठी आलेला चीनचा यांग जियान बिंग असाच गेला. वय एकवीस. यांच्यापैकी कुणालाही प्रतिस्पर्ध्याने हात लावला नव्हता. लढाईच्या खेळात लढाईआधीच माणूस मरतो, तेव्हा त्याला खेळातला धोका म्हणता येत नाही.

या प्रथेच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून खंडन करणं ही आपली परंपरा नाही.

पहिलं म्हणणं असं, की ही शिस्त आहे. वजन उतरवणं हा लढवय्याच्या निग्रहाचा कस आहे, म्हणून तो खेळाचाच भाग. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८च्या आपल्या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. ढोबळमानाने सांगायचं तर, गरज नसलेले अडथळे आपणहून पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न करणं म्हणजे खेळ. अडथळा त्या खेळाने घातलेला असतो आणि म्हणूनच त्याला अर्थ असतो. पिंजऱ्यातला प्रतिस्पर्धी हा एमएमएने घातलेला अडथळा आहे. तहान हा नाही. नियमपुस्तकात कुठेही तहानेला गुण नाहीत. पंच ठोसे बघतात, पकड बघतात. तहान हा नियमातल्या भोकातून आत आलेला अडथळा आहे. निग्रहाचं कौतुक मलाही आहे. पण एखाद्या गोष्टीला निग्रह लागतो एवढ्यावरून ती करण्याजोगी ठरत नाही.

आणि निग्रहाबद्दल बोलायचं तर ॲरिस्टॉटलकडे जाऊ. सद्गुण म्हणजे मध्यम, असं तो म्हणतो तेव्हा लगेच बजावतो की हा मध्यम आकड्यांचा नव्हे. दहा म्हणजे जास्त आणि दोन म्हणजे कमी, म्हणून प्रत्येकाला सहा माप अन्न द्या, असं तालमीचा गुरू करत नाही. तेच सहा माप मिलो पैलवानाला अपुरं आणि नवशिक्याला जास्त होतं. मध्यम आपल्या प्रकृतीच्या सापेक्ष असतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं होतं, ते आजच्या व्यवस्थेने उलटं केलंय. आधी गटाचा आकडा धरायचा आणि मग प्रकृती त्याच्यात कोंबायची.

कोंबल्यावर काय होतं, याला अँथनी जॉन्सनचं उदाहरण पुरे आहे. हा माणूस कारकीर्दीच्या सुरुवातीला ७७ किलोंच्या वेल्टरवेट गटात लढायचा. वजन वारंवार चुकायचं. मग ८४ किलोंच्या गटात गेला आणि जानेवारी २०१२मध्ये तिथेही अकरा पौंडांनी, म्हणजे पाच किलोंनी चुकला, हरला, आणि यूएफसीने त्याला काढून टाकलं. बेशिस्त, असा शिक्का बसला. पुढे तोच माणूस ९३ किलोंच्या गटात परतला आणि दोनदा किताबाच्या लढतीपर्यंत पोचला. मघाशी सांगितलेल्या टॉवेलवाल्या लढतीत कॉर्मिएसमोर हाच होता. ज्याला आपण शिस्तीचा अभाव म्हणत होतो, तो चुकीच्या गटाचा परिणाम होता.

दुसरं म्हणणं संमतीचं. फायटर सज्ञान आहे, तो स्वतः ठरवतो, तुम्ही कोण? हे म्हणणं वजनदार आहे. पण संमती कशाला, हे बघावं लागतं. पिंजऱ्यात शिरणारा ठोसे खायला संमती देतो, कारण ठोसे काढले तर खेळच उरत नाही. पाणी तोडण्याला तो जी संमती देतो ती अशी नसते. बाकी सगळे तोडतात म्हणून तो तोडतो. नाही तोडलं तर दहा किलोंनी मोठ्या माणसासमोर उभं राहायचं. तोडायला घेतलं आणि जमलं नाही तर मानधनाचा वीस-तीस टक्के भाग प्रतिस्पर्ध्याला द्यायचा आणि बेशिस्त म्हणवून घ्यायचं. चारही बाजूंनी दारं लावून घ्यायची आणि उरलेल्या दारातून माणूस गेला की म्हणायचं, बघा, आपणहून गेला. यातली निवड फायटरची असेल, पण दारं लावणारे वेगळे आहेत.

तिसरं म्हणणं, पर्याय नाही. हे मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. १९९७च्या त्या तीन मृत्यूंनंतर अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीने नियम बदलले. सौना आणि रबरी सूट बंद, वजन लढतीच्या अगदी जवळ, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच शरीरातलं पाणी व चरबी तपासून प्रत्येकाचं किमान वजन निश्चित. यांगच्या मृत्यूनंतर वन चॅम्पियनशिपने वजनाबरोबर लघवीची घनता तपासायला सुरुवात केली. पाणी तोडलेलं असेल तर लघवी घट्ट येते, आणि मग काट्यावरचा आकडा धरत नाहीत. नैयायिकांच्या भाषेत, त्यांनी उपाधी मोजायला घेतली. आणि गटांचे आकडे वर सरकवले. इतरत्र ५६.७ किलोंचा जो फ्लायवेट, तो तिथे ६१.२चा. कुस्तीतून एमएमएत गेलेली आपली रितू फोगाट तिथे ज्या ॲटमवेट गटात लढली, त्याची मर्यादा ५२.२ किलो आहे, तर अन्यत्र त्याच नावाचा गट ४७.६चा. माणसं तीच, नावं तीच, फक्त आकडा खऱ्या अंगाच्या जवळ आला. ही चाचणी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तिथेही फायटर चाचणीत नापास होतात, ऐनवेळी मधल्याच कुठल्या तरी वजनावर तडजोड होते, आणि चाचणीला चकवण्याचे मार्ग शोधणारे शोधतच असतात. पण मोजणं सुरू झालं, हे महत्त्वाचं. कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने २०१७पासून आणखी एक केलं. लढतीच्या दिवशी पुन्हा वजन. दहा टक्क्यांहून जास्त परत आलं, तर वरच्या गटात जा, असा सल्ला.

तुम्ही म्हणाल, मग सरळ लढतीच्याच सकाळी वजन घ्या, प्रश्न मिटला. इथे आपल्या सगळ्यांना अजून टोचणारी घटना आठवा. ऑगस्ट २०२४, पॅरिस. ऑलिंपिक कुस्तीत वजन त्याच सकाळी घेतात, आणि स्पर्धा दोन दिवस चालते म्हणून दोन्ही सकाळी घेतात. विनेश फोगाटने पहिल्या दिवशी जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जिला आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर कुणी हरवलं नव्हतं. ती अंतिम फेरीत पोचली. दुसऱ्या सकाळी पन्नास किलोंच्या वर शंभर ग्रॅम भरले. रात्रभर झोप नाही, घाम काढणं, केस कापणं, सगळं करून शंभर ग्रॅम. पदक गेलं, आणि नियमाप्रमाणे क्रमवारीतलं स्थानही शेवटचं. म्हणजे फट बुजवली तरी माणूस अडकतोच. का? कारण गट मोजके. ऑलिंपिकमध्ये महिलांना पन्नास, त्रेपन्न, सत्तावन्न अशा सहाच जागा. विनेश आधी त्रेपन्नमध्ये खेळायची. त्या गटात भारताची जागा दुसऱ्या कुस्तीगिराकडे गेली, आणि विनेशला खाली यावं लागलं. यात लबाडी कुणाचीच नव्हती. अंग एका मापाचं आणि उपलब्ध जागा दुसऱ्या मापाची, एवढंच.

एमएमएतही हेच. मघाशी म्हटलं होतं, अंतरं लक्षात ठेवा. सत्तरनंतर एकदम सत्याहत्तर. चौऱ्याऐंशीनंतर एकदम त्र्याण्णव. नैसर्गिक अंग त्र्याहत्तरचं असलेल्या माणसाने जावं कुठे? २०१७मध्ये अमेरिकेतल्या नियामक मंडळांच्या संघटनेने मधले चार गट मान्य केले. यूएफसीने ते घेतलेले नाहीत. गट वाढले की विजेते वाढतात, आणि विजेते वाढले की पट्ट्याची किंमत उतरते, हा धंद्याचा हिशेब मला समजतो. पण मग पट्ट्याची किंमत टिकवण्यासाठी कुणाची मूत्रपिंडं गहाण पडतात, हेही त्याच हिशेबात लिहिलं पाहिजे.

आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात जोड लावतात ते तुम्ही पाहिलं असेल. वस्ताद आणि पंच दोन्ही पोरांना समोरासमोर उभं करतात, अंग बघतात, कुणी कुणाला पाडलंय ते आठवतात, आणि मग हाताला हात देतात. जमलेल्या जोडीला आपण काटाजोड म्हणतो. त्या पद्धतीत पक्षपात होतो, ओळखीपाळखी चालतात, ती काही आदर्श नव्हे. पण तिच्यात एक गोष्ट आहे. बघणारा माणूस समोर उभा असलेलं अंग बघतो, आणि जोड चुकीची लागली तर लोक त्याला जाब विचारतात. वजनकाट्याने जोड लावली की जबाबदार कुणीच राहत नाही. आकडा बोलला, संपलं.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे. माप आलं की जबाबदारी मापावर ढकलता येते. काटा निर्जीव आहे, त्याला दोष देता येत नाही, आणि ज्यांनी तो चुकीच्या वेळी आणि अपुऱ्या अटींवर लावला ते मागे सावलीत उभे राहतात. न्यायासाठी आणलेलं साधन न्याय देत नसेल आणि वर माणसं मारत असेल, तर ते साधन चालू ठेवणं हा एक निर्णय आहे. दररोज, प्रत्येक स्पर्धेत नव्याने घेतलेला निर्णय. त्याला परंपरा म्हणून सुटता येणार नाही.

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. २०१२मध्ये सुपर फाइट लीग मुंबईतच सुरू झाली होती. जून २०२४मध्ये पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. मुलं शिकताहेत, आणि मोबाइलवर ठोशांबरोबर टबात बसायचंही शिकताहेत. तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी या खेळात जाणार असेल तर त्याला अडवू नका. फक्त आयोजकांना तीन प्रश्न विचारा. वजन लढतीच्या किती तास आधी घेता? पाण्याची चाचणी करता का? लढतीच्या दिवशीचं वजन जाहीर करता का? उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या मुलाला एकच सांगा, एक गट वर जाऊन लढ. हरलास तर हरलास.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.